सावली येईपर्यंत

खाणीत पाणी साचून बावीस दिवस झाले होते. पाऊस थांबून आठवडा उलटला, तरी पाणी हटायला तयार नव्हतं. काठावरून पाहिलं की खाली हिरवं, जाड पाणी दिसायचं आणि त्यात बुडालेल्या शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या. पंप रोज सकाळी तासभर खोकायचा आणि बंद पडायचा. पंपवाला त्याच्यापुढे उकिडवा बसून आधी त्याची समजूत घालायचा, मग त्याला शिव्या द्यायचा आणि शेवटी बिडी पेटवायचा.

खाणीवरची चौदा खोपटी एका ओळीत होती. शेवटचं खोपटं म्हाताऱ्या मिस्त्रीचं. त्याच्या दारात पावसाआधी वर आणून टाकलेल्या दगडांचा एक ढीग होता. तेवढाच आता घराचा आधार. मिस्त्री त्यातले धड दगड निवडून घडवत बसायचा आणि उरलेले त्याची सून हातोडीनं फोडून खडी करायची. मिस्त्रीच्या मुलाच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढीच बोटं होती. तो फोडलेली खडी घमेल्यात भरून रस्त्याकडेला नेऊन टाकायचा. घमेलं उचलताना तो मनगट वापरायचा, आणि हे सगळ्यांच्या इतकं सवयीचं झालं होतं की कुणाचं लक्षही जात नसे. सुनेचं मात्र जायचं. सात वर्षं रोज जायचं.

काम कमी झालं की म्हाताऱ्याचं तोंड सुरू व्हायचं.

"ही खडी? ही खडी नाही, हा चुरा. हातोडी कुठं बसते ते बघ ना जरा. दगडाला शीर असते."

"बघते, मामा."

"बघून काय होतंय? तुमच्याकडची बघण्याची रीत आम्हाला माहीत आहे."

'तुमच्याकडची' म्हणजे माहेरची. याच्या पुढे तो कधी जात नसे. त्या घराचं नाव या घरात काढायचं नाही असं त्यानंच सात वर्षांपूर्वी ठरवून टाकलं होतं, आणि तो स्वतःचा नियम पाळायचा. पण असा एखादा शब्द दगडाच्या कपच्यासारखा भिरकावून द्यायचा. सून मान वर न करता हातोडी चालवत राहायची.

झालं होतं ते असं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिचा भाऊ याच खाणीवर कामाला आला होता. एक मोठी फरशी उचलायची होती. भावानं पहार धरली होती, म्हाताऱ्यानं पाचर ठोकली होती, आणि नवऱ्याचा हात फरशीखाली होता. फरशी बसली. म्हातारा म्हणाला, यानं पहार सोडली. भाऊ म्हणाला, पाचर सरकली. दवाखान्याच्या दारात दोघं एकमेकांच्या अंगावर गेले, आणि त्याच संध्याकाळी भाऊ आपली वळकटी घेऊन निघून गेला. खरं काय ते नवऱ्याला विचारलं तर तो म्हणायचा, "मी फरशीखाली बघत होतो, वर काय चाललंय ते मला कसं दिसणार?" आणि हसायचा. स्वभावच तसा होता. तेव्हापासून ती माहेरी गेली नव्हती. आईनं नात पाहिली नव्हती. नात आता पाच वर्षांची होती.

माहेर तसं फार लांब नव्हतं. खाणीवरून पूर्वेला पाहिलं की देवाचा डोंगर दिसायचा, माथ्यावर देऊळ, तांदळाच्या दाण्याएवढं. त्या डोंगराच्या पलीकडच्या पायथ्याला तिचं गाव. पण पलीकडचा कडा सरळ तुटलेला, तिकडून शेळीसुद्धा उतरत नाही. जायचं तर सडकेनं, डोंगराला मोठा वळसा घालून, दोन गाड्या बदलून. आणि त्याआधी या घराचा उंबरा ओलांडायची परवानगी घेऊन.

गावात असताना तिला वाटायचं की सगळीकडे संध्याकाळ लवकरच होते. चार वाजायच्या सुमाराला डोंगराची सावली कड्यावरून उतरायची, आधी शेवटच्या घरांवर, मग विहिरीवर, मग सगळ्या गावावर. आकाशात भरपूर उजेड असायचा आणि गावात मात्र गारवा. बायका म्हणायच्या, "सावली आली गं," आणि वाळत टाकलेलं सगळं भराभरा आत न्यायच्या. ती लग्न होऊन इकडे आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं सासूला विचारलं होतं, "अजून ऊन कसं?" सासू बिचारी खूप हसली होती. आता सासूही नव्हती. या बाजूची संध्याकाळ लांबत जायची, संपता संपायची नाही, आणि उन्हात तापलेल्या डोंगराकडे बघत ती भांडी घासायची. पलीकडे आता आई चूल पेटवत असेल, असं तिच्या मनात यायचं. रोज यायचं.

मंगळवारी मुकादम आला. पंपाला नवा पट्टा यायला सोमवार उजाडणार होता. ट्रकही नुसताच उभा होता.

"असं बसून बसून तुम्ही सगळे एकमेकांची डोकी फोडाल," मुकादम म्हणाला. "रविवारी ट्रक काढतो. देवाच्या डोंगरावर जाऊन येऊ. सकाळी निघायचं, पाचच्या ठोक्याला परत निघायचं. डबे आपापले."

"आणि देवाला सांगायचं काय?" पंपवाल्याची बायको म्हणाली. ती शेजारच्या खोपट्यात राहायची आणि तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. "पंप चालू कर म्हणून? आमच्या यांना जमेना, ते देवाला जमायचंय?"

लोक हसले. पंपवालाही हसला. सून हसली नाही. तिच्या हातातली हातोडी थांबली होती. डोंगराच्या माथ्यावर, देवळाच्या मागे कठडा आहे आणि त्या कठड्यावरून तिचं गाव दिसतं. लहानपणी ती खालून वर बघायची तेव्हा कठड्यावर माणसं मुंग्यांसारखी दिसायची. वरून खाली कधी पाहिलं नव्हतं.

बुधवारी भांडेवाली आली. डोक्यावर पाटी घेऊन ती गावोगाव फिरायची, या बाजूचे दोन दिवस आणि त्या बाजूचे दोन दिवस. म्हातारा विहिरीवर गेलेला पाहून सुनेनं तिला दारामागे घेतलं.

"मावशी, एक निरोप पोचवाल?"

"निरोपाचं ओझं नसतं बाई. बोल."

"माझ्या आईला सांगा, रविवारी मी डोंगरावर येतेय. घराच्या छपरावर गोधडी वाळत घाल म्हणावं. म्हणजे मला वरून कळेल."

"बरं. आणि?"

"आणि काही नाही."

"एवढंच?" भांडेवालीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं बाई. गोधडी तर गोधडी."

शनिवारी ती परत आली. पाटी उतरवता उतरवता हळूच म्हणाली, "घालते म्हणाली. सावली येईपर्यंत ठेवते म्हणाली. आधी मला तीनदा विचारलं, पोर बरी आहे ना, बरी आहे ना, बरी आहे ना. नजर अधू झालीय गं तिची. मला म्हणाली, मला काही ती दिसायची नाही, पण तिला तर दिसेन."

सून आत गेली आणि चुलीत उगाचच दोन लाकडं जास्त सारली. धुरामुळे डोळ्यांतल्या पाण्याची कुणाला शंका येत नाही.

रविवारी आभाळ पहिल्यांदाच नीट उघडलं आणि ऊन असं लख्ख पडलं की सगळ्यांची तोंडं उजळली. ट्रकच्या हौद्यात सतरंज्या टाकल्या होत्या. म्हाताऱ्याला ड्रायव्हरशेजारी बसवत होते, पण तो नको म्हणाला.

"ट्रकात दगड मागं बसतात. मी मागंच बरा."

"मामा, पिशवीत काय खडखडतंय?" पंपवाल्याच्या बायकोनं विचारलं.

"हातोडी."

"देवाला निघालात आणि हातोडी?"

"तू तोंड घेऊन निघालीस ना? तसंच."

हौदा हसण्यानं हलला. पंपवाला तर इतका हसला की त्याला ठसका लागला. सुनेच्या मांडीवर पोर होती, पोरीच्या मांडीवर डबा, आणि सुनेची नजर डोंगरावर. दर वळणाला डोंगर थोडा मोठा होत होता. तांदळाच्या दाण्याचं देऊळ झालं, मग देवळाला दार दिसलं.

पायथ्याला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. मग ट्रकचं चाक चिखलात रुतलं, ते काढण्यात वेळ गेला. मग सगळ्यांना भूक लागली. झाडाखाली डबे उघडले. सुनेचा घास तोंडात फिरत होता. चढायला लागले तेव्हा एक वाजला होता.

"आठशे पायऱ्या आहेत," मुकादमानं जाहीर केलं. "ज्याला झेपत नसेल त्यानं इथंच हात जोडावे. पाचला ट्रक हलणार. मागं राहिला तो राहिला."

"मामा, तुमचं कसं?" नवऱ्यानं विचारलं. तोही बापाला मामाच म्हणायचा. खाणीवरचे सगळे म्हणायचे म्हणून त्याचीही जीभ तशीच वळली होती.

"चढेन की. हळू चढेन."

कुणीतरी म्हाताऱ्याबरोबर राहायला हवं होतं. हे कोण राहणार ते कुणी बोललं नाही. बोलावं लागलंच नाही. नवऱ्यानं पोरीला खांद्यावर बसवलं आणि दोन बोटांनी तिचा पाय धरून तो पंपवाल्याबरोबर पुढे निघून गेला. सून मागे राहिली.

तिनं मनातल्या मनात हिशेब केला. आठशे पायऱ्या. म्हातारा दहा पायऱ्यांनी थांबला तरी तीनपर्यंत वर. सावली चारला. पुरे होतं.

म्हातारा दहा पायऱ्यांनी नाही, सात पायऱ्यांनी थांबत होता. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवायचा, छातीतून किसणीवर काही घासल्यासारखा आवाज यायचा. चाळीस वर्षं दगडाची धूळ गिळलेली छाती. तो थुंकायचा, तोंड पुसायचा आणि पायाखालच्या पायरीकडे बघायचा.

"ही हातानं घडवलेली. ही बघ टाकीची रेघ, एकसारखी. आणि ही? ही मशीननं कापलीय. साबणाच्या वडीसारखी. पावसात कुणाचं तरी डोकं फुटणार हिच्यावर."

"चला मामा."

"चाललोय की. डोंगर काय पळून जातोय?"

डोंगर पळून जात नव्हता. पाठीवर ऊन मात्र चटके देत होतं. इतकी वर्षं तिला कधी वाटलं नव्हतं ते आता वाटलं: या बाजूचं ऊन जेवढं पाठीवर चढत जाईल तेवढी पलीकडे सावली उतरत जाईल.

साडेपाचशेच्या पुढं, एका वळणावर, म्हातारा थांबला तो हललाच नाही. त्यानं एक पाय उचलला आणि त्याच पायरीवर पुन्हा टेकवला. मग दुसऱ्या टोकाला टेकवला. पायरी हलली. दगडाच्या पोटातून गुडुप असा आवाज आला.

"ऐकलंस?"

तिनं ऐकलं होतं. खाणीवर नऊ वर्षं काढलेल्या माणसाला तो आवाज ओळखायला शिकवावं लागत नाही. पायरीखालची माती पावसानं वाहून गेली होती. दगड नुसत्या दोन टोकांवर अडकला होता. वळणाच्या बाहेरच्या बाजूला कठडाही नव्हता. नवीन कठड्यासाठी आणलेल्या लोखंडी कांबी बाजूला पडल्या होत्या, कामगार कुठं दिसत नव्हते.

"खाली गेल्यावर कुणाला तरी सांगू, मामा."

"कुणाला? रविवारी कोण आहे?" म्हाताऱ्यानं पिशवी खाली ठेवली. "आज संध्याकाळपर्यंत शंभर पाय पडतील हिच्यावर. आपली पोर उतरणार आहे इथून. ती कांब आण."

"मामा, वर जायचंय ना आपल्याला?"

"जायचंय. कांब आण. ती नाही, जाड."

तिनं कांब आणली. काय करणार होती? पोरीचं नाव काढल्यावर बोलायला जागाच नव्हती. म्हाताऱ्यानं एक दगड निवडून टेकू ठेवला. तिनं कांब पायरीच्या ओठाखाली घातली, टेकूवर आडवी केली आणि पोटाचा भार टाकला. पायरी उचलली गेली, चार बोटं. म्हातारा पोटावर पालथा झाला आणि त्यानं कोपरापर्यंत हात आत घातला.

आत हात घालून तो चिखल काढायला लागला. मूठ मूठ. वरून उतरणारे लोक कडेनं अंग चोरून जात होते.

"काय हो, सोनं सापडलं का?" एकानं विचारलं.

"सापडलं की सांगतो," म्हातारा पायरीखालून म्हणाला.

तिनं पाय रोवले होते. कांबेचा गंज तळव्यात घुसत होता. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तो पुसायला हात मोकळा नव्हता. म्हाताऱ्याचा हात आत होता. घडवण्याचा हात. घरातला एकच हात, जो अजून धड होता. कांब निसटली तर काय होईल ते तिला ठाऊक होतं. निसटलेल्या कांबेचं नाव आयुष्यभर कुणाच्या माथी बसतं, तेही.

"सोडू का, मामा? थोडं?"

"सोड. हळू."

पायरी बसली. म्हातारा तिच्यावर उभा राहिला. गुडुप.

"नाही. डाव्या टोकाला पोकळ आहे. उचल पुन्हा."

तिनं पुन्हा उचलली. तो हातोडीनं कपच्या फोडायचा, एकेक कपची बोटांनी चाचपायचा, आत सारायचा, आणखी एक फोडायचा. घाई नाही. खाणीवर असतो तसाच. तिला ओरडावंसं वाटलं. मामा, माझी आई उन्हात बसलीय हो. पण ओरडायला श्वास लागतो, आणि तिचा सगळा श्वास कांबेवर होता.

वरून एक दणकट गडी उतरत होता. थांबला, म्हणाला, "बाईमाणसाला कशाला राबवताय आजोबा? द्या इकडं, मी धरतो. ताई, तुम्ही जा वर."

तिनं मान वळवली. त्या क्षणी तो गडी तिला वरच्या देवापेक्षा थोर वाटला. एक पाय मागे घेऊन त्याला जागा करून द्यायची, एवढंच बाकी होतं.

"नको," पायरीखालून आवाज आला. "हिलाच धरू द्या."

"अहो, पण मी..."

"तुम्ही ताकदीचे असाल. पण माझा हात आत आहे. ती सोडत नाही."

गडी खांदे उडवून निघून गेला.

तिनं कांबेवर पुन्हा भार टाकला. सात वर्षं ज्याच्या तोंडून एक गोड शब्द आला नव्हता, त्याच्या तोंडून हा आला, तो नेमका आत्ता. रडावं का हसावं ते तिला कळेना. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. ती धरून राहिली.

चौथ्यांदा पायरी बसली तेव्हा आवाज आला नाही. म्हातारा डाव्या टोकावर उभा राहिला, उजव्या टोकावर उभा राहिला, मधे जाऊन एकदा लहान पोरासारखी उडी मारल्यासारखं केलं. दगड हलला नाही. मग तो त्याच पायरीवर बसला आणि त्यानं कडेच्या खडकाला डोकं टेकलं. ओठ पांढरे पडले होते.

"माझं झालं," तो म्हणाला. "माझ्यानं आता वर होत नाही. देवाला इथूनच हात जोडतो. तू जा."

"तुम्हाला एकटं..."

"मी कुठं पळतोय? जा."

ती सुटली. अडीचशे पायऱ्या. दोन दोन एकदम चढायला लागली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, लोक बघत होते तर बघत होते. वाटेत खाणीवरचं एकेक माणूस उतरताना भेटत होतं.

"आत्ता? अगं, आम्ही उतरलो की!" पंपवाल्याची बायको म्हणाली. "देव झोपायला गेला आता. चल मागं."

तिच्यामागून नवरा येत होता. पोर खांद्यावर पेंगली होती.

"अगं, होतीस कुठं? मामा कुठं आहेत?"

"खाली वळणावर बसलेत. बरे आहेत. तुम्ही व्हा पुढं, त्यांच्याजवळ थांबा. मी आलेच."

"साडेचार वाजून गेलेत. मुकादम थांबायचा नाही."

"आलेच म्हटलं ना!"

असं ती कधी बोलत नसे. नवरा बाजूला झाला.

वर पोचली तेव्हा तोंडात रक्ताची चव आली होती. देवळाचं दार उघडं होतं. आत दिवा होता. ती दारावरून तशीच पुढे गेली, पायातली चप्पल काढायचंही तिला सुचलं नाही. देवळाला वळसा घालून मागे आली आणि कठड्याला पोटावर आदळली.

खाली गाव होतं.

अर्धं गाव सावलीत गेलं होतं आणि अर्धं उन्हात होतं. तिनं आधी विहिरीजवळचं मोठं झाड शोधलं, कारण झाडापासून तिसरं घर आपलं. झाड नव्हतं. तिनं देवडीचं वळण शोधलं. तिथं रुंद रस्ता होता. सात वर्षांत कौलांची पत्र्याची छपरं झाली होती, चाळीसची शंभर झाली होती. आणि उन्हातल्या प्रत्येक छपरावर गोधड्या होत्या.

प्रत्येक. तांबड्या, निळ्या, पिवळ्या, ठिगळांच्या. बायकांनी पावसाचे सगळे दिवस ओलसर अंथरुणात काढले होते, आणि आज लख्ख ऊन पडलं होतं. कुठली बाई घरात गोधडी ठेवील? उन्हातलं गाव सगळं गोधड्यांनी भरलं होतं.

रंग विचारला नव्हता तिनं. निरोपात रंग नव्हता. आपल्या घराची गोधडी, ती न ओळखायला काय झालं, असं तिला वाटलं होतं.

ती उन्हातलं एकेक छप्पर बघायला लागली. ही असेल. नाही, ही. ही तांबडी? आईच्या जुन्या लुगड्याची तांबडी होती, पण ती तर तेव्हाच विरली होती. डोळ्यांवर हात धरून पाहिलं, डोळे चोळून पाहिलं. उन्हातल्या छपरांवर बायका दिसायला लागल्या होत्या, ठिपक्यांएवढ्या. सावली त्यांच्याकडे सरकत होती. बायका वर यायच्या, गोधडी ओढायच्या, दिसेनाशा व्हायच्या. सावलीच्या कडेबरोबर एकेक छप्पर उघडं पडत होतं. कुणीतरी पाटी पुसत जावी तसं.

थांबा गं, ती म्हणाली. जरा थांबा. मला बघू तर द्या.

कुणी थांबलं नाही. सावली रस्ता ओलांडून गेली, शेवटच्या वस्तीवर चढली, तिथल्याही गोधड्या गेल्या. गाव करडं झालं. खालून ट्रकचा हॉर्न आला, लांबलचक. मुकादम हाताचा दाब काढत नव्हता.

ती वळणार होती. आणि मग तिला दिसलं की गाव सगळं करडं झालेलं नाही.

कड्याच्या अगदी जवळ, जिथं सावली सगळ्यांत आधी येते आणि जिथल्या गोधड्या सगळ्यांत आधी आत जायला हव्या होत्या, तिथं एका बुटक्या छपरावर अजून एक होती. निळसर. नीट पसरलेली, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेली. तिथलं ऊन जाऊन तास उलटला असेल. आजूबाजूची सगळी छपरं उघडी होती.

छपराखाली, दारात, काहीतरी होतं. माणूस असेल, खांब असेल. हलत नव्हतं.

तिनं हात वर केला. किती वेळ केला ते तिला कळलं नाही. नजर अधू झालीय, भांडेवाली म्हणाली होती. आणि वाऱ्यात ओरडून आवाज तिथवर जाणार नव्हता. तरी ती म्हणाली, अगदी हळू, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं, "आई, दिसली गं. घे आता आत. दिसली मला."

गोधडी तशीच राहिली.

हॉर्न पुन्हा वाजला. ती दहा पावलं गेली, वळून कठड्याशी आली, पाहिलं, आणि पुन्हा गेली. तिसऱ्यांदा तिनं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती उतरली नसती.

वळणावर म्हातारा एकटाच बसला होता. "त्याला पाठवलं मी पुढं," तो म्हणाला. "म्हटलं, ट्रक अडवून धर. दोन बोटांनी धर, पण धर." श्वास आता बरा चालला होता. या बाजूचं तिरपं ऊन त्याच्या तोंडावर होतं. सुनेकडे पाहून तो उठला.

चार पायऱ्या उतरल्यावर त्यानं विचारलं, "झालं दर्शन?"

"नाही."

"मग इतका वेळ काय करत होतीस?"

खोटं बोलणं सोपं होतं. सात वर्षं ती काही ना काही गिळत आली होती, आणखी एक गिळता आलं असतं. पण पोटात जागाच राहिली नव्हती.

"मागच्या कठड्यावर होते. आईला निरोप धाडला होता मी. छपरावर गोधडी घाल म्हणून. सगळ्यांनी आपापल्या आत नेल्या. तिची अजून बाहेरच आहे, मामा. सावलीत. मला दिसली की नाही ते तिला कळणार कसं? ती बसलीय तशीच."

म्हातारा थांबला. तिला वाटलं, आता पडणार कपचा. तिनं मान खाली घातली.

त्यानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग डोंगराच्या माथ्याकडे पाहिलं, जणू दगडातून पलीकडचं दिसणार होतं.

"ओली होईल की," तो म्हणाला. "हवा अजून दमट आहे. तिला सांगणारं कुणी नाही का घरात?"

"आहे," ती म्हणाली. "माझा भाऊ आहे."

खाली ट्रकचं इंजिन सुरू झालं होतं. माणसं हौद्यात चढत होती, नवरा फळीला धरून उभा होता.

"मग त्यानं घ्यायला नको आत?" म्हातारा चिडून म्हणाला. "म्हातारी माणसं रात्री पांघरणार काय? एवढीही अक्कल नसावी त्याला?"

आणि पुटपुटत, एकेक पायरी चाचपत, तो पुढे उतरायला लागला.